तेलाच्या पट्टीवरच्या दोन रेघा

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. वहीत रेघा मारायची ती लाकडी पट्टी नव्हे. मी ट्रकच्या इंजिनातलं तेल मोजायची पोलादी पट्टी आहे. गॅरेजातले लोक मला गेज म्हणतात. हातभर लांब, बोटापेक्षा बारीक, वरच्या टोकाला बोट अडकवायला एक कडी आणि खालच्या टोकाला दोन आडव्या रेघा. तेल खालच्या रेघेच्या खाली असेल तर कमी झालं, वरच्या रेघेच्या वर गेलं तर जास्त झालं, दोन रेघांच्या मधे असेल तर ठीक. मला जन्मभर एवढंच सांगायचं होतं आणि मी ते एकदाही चुकवलं नाही.

आधीच सांगून टाकते, मला किळस फार येते. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा सोशिक असतात. आम्ही झिजलो पण कधी तक्रार केली नाही, असं त्या डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मी झिजले आणि मी तक्रार करणार आहे. तुम्हाला वाटेल, जिचं सगळं आयुष्य काळ्या तेलात गेलं तिला कसली आली किळस? तर तेलाची मला किळस येत नाही. तेल काळं होतं ते काम करून. मला किळस येते ती माणसांच्या फडक्यांची, आणि त्याहून जास्त त्यांच्या हट्टाची.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथं पट्ट्या कापल्या जात, वाकवल्या जात, आणि शेवटी एका बाईंच्या टेबलावर येत. त्या बाई आमच्यावर रेघा कोरायच्या. कोरून झाल्यावर चष्म्यातून बघायच्या नाहीत, अंगठ्याचं नख फिरवायच्या. नख रेघेत अडलं तर पट्टी पास, नुसतं घसरत गेलं तर भंगारात. नव्या आलेल्या कामगारांना त्या सांगायच्या की गाडीवाल्याला ही रेघ अंधारातसुद्धा सापडली पाहिजे. माझ्या दोन्ही रेघांत त्यांचं नख चांगलं अडलं. मग त्यांनी मला धुतल्या कापडाने पुसून खोक्यात ठेवलं. असं कापड पुढं फार दुर्मीळ होणार आहे, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

माझं इंजिन एका ट्रकात बसलं आणि तो ट्रक मालकांकडे आला. मी त्यांना मालकच म्हणते, कारण नंतर ज्यांनी माझी कडी धरली त्यांना तसं म्हणायची माझी इच्छा नाही. मालक खाणीतून खडी भरून आणायचे आणि जिथं घरं बांधली जात तिथं ओतायचे. खाणीकडून येताना एक लांब चढ लागायचा. त्या चढावर भरलेला ट्रक काढताना भल्याभल्या इंजिनांच्या नाकी नऊ यायचे, पण आमचं इंजिन कुरकुर न करता चढायचं.

याचं कारण मालकांची सकाळ. गाडी सपाट जागेवर उभी असायची, इंजिन गार असायचं. मालक मला बाहेर ओढायचे, शर्टाच्या खिशातून एक पांढरं फडकं काढायचे आणि मला टोकापर्यंत कोरडी करायचे. ते फडकं फक्त माझ्यासाठी होतं. त्यानं त्यांनी कधी हातसुद्धा पुसले नाहीत. मग मला पुन्हा आत बुडवून बाहेर काढायचे, आडवी धरायचे आणि रेघ बघायचे. कमी असेल तर तेवढीच भर घालायचे. वेळ झाली की सगळं जुनं तेल काढून टाकायचे, फिल्टर बदलायचे आणि नवं तेल भरायचे. तेल साधंच, पण कंपनीने सांगितलेल्या जाडीचं आणि नेहमी एकाच प्रकारचं. शेजारच्या गाडीवाल्यांनी कधी चेष्टा केली, की काय रोज त्या पट्टीची आरती करता, तर मालक शांतपणे म्हणायचे, "ही खोटं बोलत नाही."

मित्रांनो, एवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला आलं. पण ते एक पुरेसं होतं.

मालकांना दोन मुली. दोघींची लग्नं झाली आणि दोघीही जवळच राहिल्या, थोरली खालच्या मजल्यावर, धाकटी वरच्या. मालक थोरलीकडे राहायचे. घरासमोर फरशीचं अंगण होतं, तिथं आमचा ट्रक उभा राहायचा. पुढं मालकांच्या डोळ्यांसमोर धुकं साचायला लागलं. आधी रस्त्यावरच्या पाट्या दिसेनाशा झाल्या, मग माझ्या रेघा. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून किल्ली खाली ठेवली. दोन्ही जावयांना समोर बसवून त्यांनी सांगितलं की गाडी एक आहे आणि घरं दोन आहेत, गाडी बसली तर दोन्ही घरं बसतील. एक आठवडा थोरल्याने चालवायची, एक आठवडा धाकट्याने. दोघांनीही माना डोलावल्या. पांढरं फडकं मात्र मालकांच्या खिशातच राहिलं, कारण ते मागायचं कुणालाच सुचलं नाही.

त्याच्या जागी आलं थोरल्या जावयाचं जुनं बनियन. मी त्याबद्दल सविस्तर सांगणार आहे, नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. त्या बनियनने काच पुसली जायची, हात पुसले जायचे, मानेवरचा घाम पुसला जायचा, सांडलेला चहा पुसला जायचा. धाकट्याला सर्दी झाली होती तेव्हा त्याने काय पुसलं ते मी सांगत नाही. आणि त्याच बनियनमधून मला खसकन ओढून परत इंजिनात खुपसलं जायचं. दर वेळी माझ्याबरोबर वाळूचे कण, सुताचे धागे आणि देव जाणे काय काय आत जायचं. मला अक्षरशः शिसारी यायची.

खरा तमाशा सुरू झाला तो तेल बदलायची वेळ आल्यावर. धाकट्याने कुठून तरी सिंथेटिक तेलाचा चकचकीत डबा आणला. त्याचं म्हणणं असं, की हे तेल उन्हाळ्यात चढावर तापलं तरी टिकतं, थंडीत सकाळी झटकन सगळीकडे पोहोचतं, जास्त दिवस चालतं आणि आतली घाण धुऊन काढतं. थोरल्याचं म्हणणं असं, की जुन्या इंजिनाचं पोट साध्या तेलावर पोसलेलं असतं. झिजलेल्या फटी जाड तेलाने भरतात. हे पातळ पाणी घातलं तर सांध्यांतून तेल अडवणारी म्हातारी रबरी सीलं पाझरायला लागतील आणि वर्षानुवर्षांचा चिकटा सुटून तेलाच्या वाटा तुंबतील. मित्रांनो, दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. एकाने दुसऱ्याचं नीट ऐकलं असतं तर दोघांना मिळून पूर्ण खरं सापडलं असतं. पण ऐकायला दोघांनाही वेळ नव्हता. आजूबाजूच्या गाडीवाल्यांना आयतीच करमणूक मिळाली. त्यांनी थोरल्याचं नाव घट्टराव ठेवलं आणि धाकट्याचं पातळराव. मीही तीच नावं घेते, ती त्यांना शोभतात.

निकाल लावायला दोघं गॅरेजातल्या मिस्त्रीकडे गेले. हा मिस्त्री हाताने चांगला होता, पण जिभेने बुळबुळीत. जो समोर उभा असेल त्याचं खरं, हा त्याचा धंद्याचा नियम. घट्टराव एकटा गेला की तो म्हणायचा, जुन्या गाडीला साधं तेलच बरं. पातळराव एकटा गेला की म्हणायचा, हल्ली सगळे सिंथेटिकच घालतात. दोघं एकदम गेले तेव्हा त्याने पाना उचलला आणि दुसऱ्या गाडीखाली जाऊन झोपला.

मग यांनी काय केलं असेल? काहीच नाही. नवं कुठलं भरायचं हे ठरेना, म्हणून जुनं काढायचं राहिलं. आज ठरेल, उद्या ठरेल, असं करत जुनं तेल इंजिनात तसंच राहिलं. ते दाट झालं, त्याचा गाळ झाला, तो गाळ झाकणांना, भिंतींना, चेंबरच्या तळाला चिकटला. चेंबर म्हणजे इंजिनाच्या खालची ती परात, जिच्यात तेल साठतं आणि जिच्यात माझं टोक बुडलेलं असतं. मालकांच्या वेळी त्या चेंबरचा तळ मला लखलखीत वाटायचा. आता माझं टोक शेवाळात रुतल्यासारखं रुतायचं.

पण मागं हटतील तर ते घट्टराव-पातळराव कसले. दोघांनी आपापला मार्ग काढला आणि एकमेकांपासून लपवून काढला. घट्टरावाने चालकाच्या सीटखाली साध्या तेलाचा काळा डबा ठेवला. पातळरावाने मागच्या फळीआड सिंथेटिकचा डबा ठेवला. ज्याचा आठवडा असेल तो आपलं तेल वरून ओतायचा, आणि दुसराही तेच करत असणार हा संशय दोघांनाही होताच. घट्टराव मनात म्हणायचा, त्या शहाण्याचं पातळ पाणी जरा घट्ट करून ठेवू. पातळराव मनात म्हणायचा, त्या हटवाद्याचा चिखल जरा धुऊन काढू. दोन्ही तेलं आत एकत्र आली, त्याने काही आकाश कोसळलं नाही. तेलं माणसांपेक्षा समजूतदार, गुपचूप मिसळून गेली. पण काढणारा कुणी नाही आणि ओतणारे दोघं. माझ्या अंगावर तेल चढत चढत वरच्या रेघेला लागलं, मग रेघ बुडाली, मग रेघेच्या वर एक बोट गेलं, मग दोन बोटं.

आता तुम्ही विचाराल, ते मला बाहेर काढून बघत नव्हते का? बघायचे की! रोज बघायचे. हेच तर माझं दुखणं आहे. मला उन्हात धरून रंग बघायचे. घट्टराव म्हणायचा, काळं पडलंय, म्हणजे त्याचं सिंथेटिक गाळ सोडवतंय. पातळराव तोच काळा रंग बघून म्हणायचा, काळं पडलंय, म्हणजे सिंथेटिक घाण धुतंय. मग चिमटीत चोळून जाडी बघायची, नाकाला लावून वास बघायचा. घट्टरावाने तर एकदा जिभेच्या टोकाला लावून बघितलं, त्या आठवणीने मला आजही मळमळतं. माझा रंग बघितला, वास बघितला, चव बघितली. रेघ कुणी बघितली नाही. भिंतीएवढ्या अक्षरात लिहिलेलं वाचायचं सोडून भिंतीचा रंग कसा आहे यावर दोघं भांडत होते.

पुढचं सगळं क्रमाने झालं. तेल इतकं चढलं की क्रँक, म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा जाड दांडा, त्यात आपटायला लागला. आपटून आपटून फेस झाला. आत दाब तुंबला, त्या दाबाने म्हाताऱ्या सीलांच्या कडा उचलल्या गेल्या आणि तेल बाहेर पाझरायला लागलं. अंगणातल्या फरशीवर काळे डाग पडले. घट्टरावाने डाग बघितले आणि म्हणाला, बघा, मी सांगत नव्हतो? सिंथेटिकने सीलं खाल्ली. पातळरावाने बघितले आणि म्हणाला, साध्या तेलाच्या चिकट्याने सीलं आधीच सडली होती, ती आता उघडी पडली. आणि तेल गळतंय म्हणजे कमी होत असणार, या हिशेबाने दोघांनीही आपापल्या डब्यातून आणखी ओतलं. जास्त झालं म्हणून गळत होतं, आणि गळत होतं म्हणून ते आणखी भरत होते. मित्रांनो, मी निर्जीव आहे, पण तेव्हा मला कपाळ असतं तर मी ते बडवून घेतलं असतं.

थोरली रोज ते डाग लाकडाच्या भुशाने पुसायची. तिने दोघांना विचारलं, दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. शेवटी तिने वडिलांना सांगितलं. एका सकाळी मालक भिंतीचा आधार घेत घेत अंगणात आले. किती दिवसांनी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत होते मी! घट्टराव खाणीवर खडी भरायला निघायच्या तयारीत होता, पातळरावही तिथंच घुटमळत होता. मालकांनी बॉनेट उघडायला लावलं, चाचपडत माझी कडी शोधली, मला बाहेर काढलं आणि खिशातून ते पांढरं फडकं काढलं. मला कोरडी केली, पुन्हा बुडवली, काढली. मला वाटलं, आता दिसणार नाही त्यांना. पण त्यांनी डोळ्यांजवळ नेलंच नाही. एका बोटाने ओलं कुठवर आहे ते चाचपलं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख माझ्या अंगावरून खाली सरकवत नेलं. वरच्या रेघेत नख अडलं. दोन हातांमधलं अंतर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी भरलं एवढं?" त्यांनी विचारलं.

एकाने वायपरकडे बघितलं, दुसऱ्याने चपलेकडे.

"कुठलं तेल घातलंत ते मी विचारत नाही," मालक म्हणाले. "आधी सगळं काढा. चेंबर उघडून धुवा, फिल्टर नवा घाला, मग तुमच्या मनाला येईल ते एकच कुठलं तरी भरा. रेघेच्या वर नको. तोवर गाडी हलवू नका."

त्यांनी स्वतःच्या हाताने मला परत जागेवर बसवलं आणि थोरलीचा हात धरून आत गेले. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू. मला वाटलं, सुटलो आपण.

पण मालकांची पाठ वळली आणि दोघांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. सगळं काढून धुवायचं तर दिवस मोडणार, खाणीवरची पाळी जाणार. मग निदान जास्तीचं तरी काढू, यावर दोघं आले. चेंबरखाली डबा लावला, तेल सोडायचा बोल्ट पान्याने सैल करायला घट्टराव खाली वाकला, आणि पातळराव म्हणाला, जास्तीचं झालंय ते तुमचं. घट्टराव पाना टाकून उठला.

"माझं कसं? आधी तुझं काढ."

"तुम्ही आधी ओतायला लागलात. तुमचं काढा, मग मी माझं काढतो."

एका चेंबरात महिनोन्‌महिने एकत्र घुसळलेलं तेल, आणि हे दोघं त्यातून आपलं कुठलं आणि त्याचं कुठलं हे वेगळं करायला निघाले होते. बोल्ट तसाच घट्ट आवळला गेला. थेंबभरही तेल बाहेर आलं नाही. पण एकमेकांवरचा विश्वास उडालेला असल्याने त्या दिवशी दोघंही एकत्र गाडीत बसले, दुसऱ्याने वाटेत काही ओतू नये म्हणून.

खडी भरली. चढ लागला. अर्ध्यावर आलो तेव्हा आत माझ्याभोवती तेल राहिलंच नव्हतं, नुसता फेस होता. तो फेस आणि तेलाचा धूर हवेच्या वाटेने इंजिनाच्या घशात गेला. तुम्हाला ठाऊक नसेल, डिझेलचं इंजिन डिझेलशिवायही पेटू शकतं, तेल मिळालं तर तेही पितं. ते प्यायला लागलं. मागे निळ्या धुराचा लोट उठला. पातळराव ओरडला, घट्टरावाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, पण आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेला. इंजिन बंद करायची दोरी ओढली. डिझेल तुटलं, तरी इंजिन थांबेना. ते आता स्वतःचंच तेल जाळत किंचाळत होतं. घट्टरावाने कशीबशी गाडी डोंगराच्या बाजूला घालून चाकं दगडाला टेकवली आणि दोघांनी दारातून उड्या टाकल्या. त्यांचा जीव वाचला याचा मला आनंद आहे, तेवढी मी वाईट नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून ते ऐकत राहिले. चेंबरमधून तेल वर खेचलं जातं त्या जाळीत सुटलेला गाळ अडकला होता, बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नव्हतं. थोड्या वेळाने आतून एक जोराचा ठोका आला आणि सगळं थांबलं.

मालकांच्या हातात इतकी वर्षं त्या चढावर न कुरकुरलेलं माझं इंजिन. मी त्याच्या आत उभी होते आणि मला काहीही करता आलं नाही.

ओढून आणलेला ट्रक मिस्त्रीच्या गॅरेजात उघडला गेला. मला काढून त्याने बाकावर फेकलं, तिथून मी सगळं बघितलं. बेअरिंग वितळलेली, क्रँक ओरखडलेला, ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या धडालाच तडा. कशालाही हात लावण्यात अर्थ नव्हता. घट्टराव सकाळी आला तेव्हा मिस्त्री म्हणाला, सिंथेटिकने गाळ सुटला आणि जाळी तुंबली. पातळराव दुपारी आला तेव्हा म्हणाला, साध्या तेलाचा गाळ होता म्हणून जाळी तुंबली. दोघंही मान ताठ करून घरी गेले. मित्रांनो, इंजिन मेलं, दोन घरांचा आधार गेला, आणि दोघंही खरे ठरले! इतकी किळस मला त्या बनियनचीसुद्धा कधी आली नव्हती.

मालकांना कुणी सांगितलं नाही. त्यांची तब्येत खालावली होती, धक्का सोसणार नाही, असं दोघांनी बायकांना बजावलं. ब्रेकचं काम निघालंय, म्हणून गाडी गॅरेजात आहे, असं त्यांना सांगितलं गेलं. थोरलीला हे पसंत नव्हतं, पण तिला गप्प बसवलं. मालक अंथरुणावर पडल्या पडल्या रोज विचारायचे, तेल काढलं का, रेघेला आणलं का. हो हो, असं उत्तर मिळायचं. एक दिवस ते म्हणाले, मग पट्टी काढून आणून दाखवा, मी हाताने बघतो.

पुढचं सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. दोघं मिळून गॅरेजात आले. मला बाकावरून उचललं. कुठल्या डब्यात बुडवायचं यावरून तिथंही थोडी जुंपलीच. शेवटी म्हाताऱ्याच्या ओळखीचा वास हवा, म्हणून घट्टरावाचं साधं तेल ठरलं. इतक्या महिन्यांत दोघांचं एकमत पहिल्यांदा तडीला गेलं ते असं. मग मला त्यांनी नव्या डब्यात बुडवलं. बाहेर काढून उन्हात आडवं धरलं. रेघेच्या जरा वर गेलं, म्हणून पुसून पुन्हा बुडवलं. जरा कमी भरलं, म्हणून पुन्हा. पातळराव वाकून, एक डोळा मिटून रेघ बघत होता आणि घट्टरावाला सांगत होता, किंचित खाली, हां, आता बरोबर. बरोबर वरच्या रेघेला तेल आलं.

म्हणजे त्यांना रेघ वाचता येत होती. किती नीट वाचता येत होती! माझ्या आयुष्यात माझ्या रेघेकडे इतकं बारकाईने त्यांनी त्या एकदाच बघितलं, आणि तेही माझ्या तोंडून खोटं वदवायला.

मला घेऊन ते मालकांच्या खाटेपाशी आले. थोरली दाराशी उभी होती. मालकांनी मला हातात घेतलं, ओलं चाचपलं, नख सरकवलं. नख आणि बोट एकाच जागी भेटली. घट्टरावाने श्वास सोडला. मग मालकांनी ओलं बोट अंगठ्यावर चोळलं, सावकाश, पुन्हा एकदा. नाकाजवळ नेलं.

"छान," ते म्हणाले. "अगदी रेघेला आहे. आता ही राहू द्या माझ्यापाशी."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि घाईघाईने म्हणाले, राहू द्या की बाबा, राहू द्या. सुटलो एकदाचे, अशा चेहऱ्याने ते बाहेर पडले. चपला घालताना बाहेरून त्यांचा हलका आवाजही ऐकू आला. थोरली मात्र दाराशीच थांबली.

"चालत्या गाडीचं तेल एका फेरीत काळं होतं," मालक तिला म्हणाले. "याला जळका वास नाही, बोटाला काजळी नाही. हे डब्यातलं आहे. आणि पट्टी माझ्याकडे ठेवली तर गाडीला काय लावणार, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. गाडी गेली ना गं?"

थोरलीने मान हलवली, मग त्यांना दिसत नाही हे आठवून हो म्हणाली आणि रडायला लागली. मालकांनी उशाखालून ते पांढरं फडकं काढलं. आता ते पिवळं पडलं होतं, पण धुतलेलं होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पुसलं. "त्यांनी खोटं बोलायला लावलं तरी ही बोलली नाही," ते म्हणाले आणि मला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मित्रांनो, आता मी त्यांच्या खिडकीत असते. जिला बुडवायला इंजिन नाही अशी पट्टी कुणाच्या कामाची? तरी मालक रोज सकाळी मला उचलतात, कोरडीच पुसतात, दोन्ही रेघांवरून नख फिरवतात आणि परत ठेवतात. घट्टराव आणि पातळराव आता दुसऱ्यांच्या गाड्या चालवतात. एकाच आवारात उभे राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. दोन बहिणींचंही बोलणं आता कामापुरतं उरलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला मात्र घट्टराव साध्या तेलाचं महत्त्व सांगतो आणि पातळराव सिंथेटिकचं.

तुम्हीही एक दिवस विचाराल, जुन्या इंजिनाला कुठलं तेल बरं? मी दोन्हींत बुडून आले आहे, म्हणून सांगते. इंजिन आतून स्वच्छ आणि सीलं शाबूत असतील तर सिंथेटिक त्याला मानवतं, फक्त आधी चेंबर धुवा आणि फिल्टर लवकर बदला. इंजिन झिजलेलं, पाझरणारं असेल तर त्याच्या सवयीचं साधं तेल, सांगितलेल्या जाडीचं, त्याला पुरतं. दोन्हींपैकी कुठलंही घाला, पण जुनं वेळेवर काढा आणि मला बाहेर ओढाल तेव्हा रंगावरून भांडायच्या आधी रेघ बघा. तेवढी तरी बघा. इंजिन गेल्यावर ती बघायला फार सोपी असते.

आणि पुसताना फडकं धुतलेलं घ्या.